खरा की रवरा: नऊ घरांच्या जाळ्याच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाचे १९६० च्या आधीचे बांधीव अंक स्कॅन होऊन हार्डडिस्कवर पडून आहेत. ४१,००० पानं. फोटोंवरून मजकूर काढायचा आहे, म्हणजे अंक शोधता येतील. पैसे नाहीत. ओळखीच्या घरांत मात्र रात्री नुसती बसून राहणारी जुनी मशीन्स भरपूर. नऊ घरं तयार झाली, मशीन्स अकरा. नावं किल्ल्यांची दिली: सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, लोहगड, तिकोना वगैरे.

हिशेब असा. टेसरॅक्ट या अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रामचं अचूक मॉडेल जुन्या मशीनवर पानाला साधारण ४० सेकंद घेतं. एकाच मशीनवर दिवसरात्र चालवलं तर १९ दिवस. हडपसरच्या ताईने लगेच विचारलं, "मग एकच चांगलं मशीन घे की! एवढा उपद्व्याप कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण चांगलं मशीन कोण देणार? शिवाय दुसरं काम नंतर येणार आहे: हीच पानं नऊ घरांत जपून ठेवायची. त्यासाठी जाळं लागणारच, मग वाचनही त्यावरच करू.

(खरं कारण: मला हे करून बघायचंय.)

५ जून, गुरुवार

पहिलीच रात्र फसली. सकाळी बघतो तर कोथरूडची तिन्ही मशीन्स गायब. गुरुवार! देखभालीसाठी वीज बंद. पुण्यात आयुष्य काढून हे डोक्यात येऊ नये?

पण यातून एक गोष्ट कळली. खात्रीसाठी प्रत्येक पान तीन मशीन्सना जातं; पाच पानांच्या तिन्ही प्रती माझ्या प्रोग्रामने कोथरूडलाच पाठवल्या होत्या. कागदावर तीन मशीन्स, प्रत्यक्षात एक ट्रान्सफॉर्मर. आता प्रती वाटताना भाग बघायचा, नुसती मशीन्स मोजायची नाहीत.

११ जून

कोणाच्या उत्तरावर विसंबायचं, याचा नियम आज ठरवला. प्रत्येक पान तीन घरांत जाईल. दोन उत्तरं जुळली की स्वीकारायचं. प्रत्येक घराची स्वतःची डिजिटल किल्ली आणि उत्तरावर त्या किल्लीची सही, म्हणजे वाटेत कोणी मजकूर बदलला तर कळेल.

ताई वाचून आलेली. म्हणाली, एक लबाड धरायला तीन नाही, चार लागतात. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज या संगणकशास्त्रज्ञांचा १९८२ चा बायझंटाईन सेनापतींचा निबंध: एक फितूर सांभाळायला चार सेनापती, दोन फितुरांना सात. बरोबर आहे, पण तिथे सेनापती एकमेकांनाच निरोप धाडतात आणि मधला माणूसच नाही. फितूर एकाला 'चढाई' आणि दुसऱ्याला 'माघार' सांगू शकतो. सह्या असल्या तर तेच गणित सुटतं, हेही त्याच निबंधात आहे. आमच्याकडे मतं मोजणारा एक सर्व्हर आहे, त्यामुळे एका लबाडाला तीन पुरतात. ताईचं पुढचं वाक्य: "म्हणजे जाळं विकेंद्रित आणि मतमोजणी तुझ्या घरी." हो. हे लिहून ठेवतो, पुढे नडणार आहे.

२१ जून, शनिवार

पालख्या मुक्कामाला आहेत, रस्ते बंद, घरीच बसलो. कामाच्या पाटीवर (कोणी किती पानं केली याची क्रमवारी) नजर टाकली तर तिकोना अव्वल. तिकोनाच नाही, तिकोना-२, तिकोना-३ थेट तिकोना-६ पर्यंत.

तिकोना म्हणजे सिंहगड रोडचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा. फोन केला. लपवाछपवी काही नाही. एकाच मशीनवर सहा आभासी मशीन्स उभी केली होती, सर्व्हरच्या लेखी सहा घरं. "दादा, पाटीवर वर यायचं होतं." बरं, पण एका मशीनची गती सहापट कशी झाली? "दोन तिकोनांना एकच पान आलं की दुसरं पहिल्याचंच उत्तर उचलतं. दोनदा कशाला करायचं? उत्तर तेच येणार ना!"

यावर रागावू कसा? त्याच्या बाजूने तर्क चोख आहे. आमच्या बाजूने मात्र ते बोगस मतदान झालं. संगणकशास्त्रज्ञ जॉन डूसर यांनी २००२ मध्ये यालाच सिबिल हल्ला म्हटलं. नवीन ओळख घ्यायला काही खर्च नसेल आणि ओळखी तपासणारं मधलं कोणी नसेल, तर एक माणूस हवी तितकी माणसं बनू शकतो. बिटकॉइनने ओळखीऐवजी विजेचा खर्च मोजायचं ठरवलं, ते याच दुखण्यावर. आम्हाला तो थाट परवडणारा नाही. आमचा उपाय पुणेरी: मत घराला. मशीन्स कितीही असोत, एका पानाची एकच प्रत एका घरात. आणि नवीन घर घ्यायचं तर आमच्यातल्या कोणी तरी तिथे जाऊन चहा पिऊन आलेलं असलं पाहिजे. हे नऊ घरांत चालतं. नऊशेत चालणार नाही, हे माहीत आहे.

पाटी काढून टाकली. चूक माझी होती. १९९९ मध्ये घरोघरच्या संगणकांवर चालणारं सेटी ॲट होम सुरू झालं तेव्हा क्रमवारीत वर येण्यासाठी लोकांनी बदललेले प्रोग्राम चालवून खोटी उत्तरं पाठवली होती. परग्रहावरचे संदेश शोधायच्या कामात लोक नंबरासाठी फसवतात, तर दिवाळी अंकांचं काय घेऊन बसलात!

२८ जून

पेरलेली पानं सुरू केली. शंभरातली पाच पानं अशी की ज्यांचं उत्तर आमच्याकडे आधीच आहे. कुठली पाच ते घराला कळत नाही. उत्तर चुकलं की त्या घराची पत (भरवशाचे गुण) शून्यावर आणि त्याची आधीची पानंही पुन्हा तपासायची. पत वाढत गेली की तीनऐवजी दोनच प्रती, म्हणजे काम लवकर उरकेल.

गणित करून पाहिलं. कोणी सगळीच उत्तरं थापा म्हणून पाठवली तर ६० पानांत न सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. दहातलं एकच पान बनावट करणाऱ्यासाठी तेवढ्याच खात्रीला ६०० पानं लागतात. म्हणजे दीड रात्र. चांगलं आहे.

पेरायची १२० पानं निवडली आणि माझ्या मशीनवर चालवून उत्तरं काढून ठेवली. तासाभराचं काम.

३ जुलै, गुरुवार

तोरणा लाल. तीन दिवस रोज एकदा तरी पेरलेल्या पानावर चुकतोय, पत शून्यावर, पुन्हा पहिल्यापासून.

तोरणा नारायण पेठेत, वाचनालयाच्या जुन्या सभासद काकांकडे. वय ७४. मशीन कोअर टू ड्युओ, म्हणजे जुन्या प्रोसेसरचं. मला आधी वाटलं, दोष प्रोसेसरचा. संगणकात दशांश अपूर्णांकांची बेरीज क्रमावर अवलंबून असते: ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ घातले तर उत्तर ०.६ च्या अगदी किंचित वर, आणि ०.२ व ०.३ आधी मिळवले तर नेमकं ०.६. नव्या प्रोसेसरवर टेसरॅक्ट एका दमात बरेच आकडे मिळवतं, जुन्यावर वेगळ्या क्रमाने. त्यामुळे दोन प्रामाणिक मशीन्सची उत्तरंही तंतोतंत जुळतीलच असं नाही. सेटीमागची बॉइंक प्रणाली यासाठी एका कामाच्या सगळ्या प्रती एकाच जातीच्या मशीन्सना द्यायची सोय ठेवते. आम्ही अर्धा टक्का अक्षरं इकडेतिकडे झाली तर चालवून घेतो.

पण आकडे जुळेनात. बेरजेच्या घोळाने पानात दोन-तीन अक्षरं हलतात. तोरणाच्या पानांत चाळीस-चाळीस. आणि तेही चारशेतल्या वीसेक पानांतच. बाकीची इतरांशी अगदी तंतोतंत. मशीन बिघडलं असतं तर सगळीकडे बिघडलं असतं. हे निवडून होतंय.

तिकोना म्हणाला, "दादा, काकांचं मशीन कोणीतरी हॅक केलंय." ताई म्हणाली, तूर्त काढून टाक. काढलं. काकांना फोन करायला जीभ रेटेना.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

नारायण पेठेत जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

काकूंनी खिचडी पुढे केली. काका आतल्या खोलीत, मशीनसमोर. पडद्यावर मजकुराची फाइल उघडी, शेजारी पानाचा फोटो, हातात भिंग. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, "काय चालणार? तुझ्या यंत्राच्या चुका काढतोय. रोज सकाळी वीसेक पानं होतात."

काका चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. मला माहीत नव्हतं. निकालाच्या फायली रात्री त्यांच्या मशीनवर तयार होतात आणि दुपारी बाराला सही होऊन सर्व्हरवर जातात. (सगळ्यांनी पहाटे एकदम गर्दी करू नये म्हणून ती वेळ मीच ठरवलेली.) मधल्या पाच-सहा तासांत काकांना त्या फोल्डरमध्ये दिसल्या आणि राहवलं नाही.

त्यांनी दाखवलेलं पान एका तेलाच्या जाहिरातीचं होतं. मूळ छपाईत 'खरा माल, खात्रीचा भाव'. जुन्या खिळ्यात ख चा र आणि व सुटे दिसतात. यंत्राने वाचलं: 'रवरा माल, रवात्रीचा भाव'. राजगडनेही तेच वाचलं, लोहगडनेही तेच. एकट्या तोरणाने 'खरा' पाठवलं. दोन विरुद्ध एक. आमच्या नियमाने 'रवरा' मंजूर झाला आणि काका लबाड ठरले.

"अरे, 'रवरा' काय? मी गप्प कसा बसू?"

घरी येताना डोक्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या.

पहिली: राजगड आणि लोहगड हे दोन साक्षीदार नाहीतच. प्रोग्राम एक, मॉडेल एक, त्यामुळे चूकही एकच. तीन प्रती लबाडीविरुद्ध होत्या, चुकीविरुद्ध नव्हत्या. आणि पेरलेल्या पानांची उत्तरं मी कुठून आणली? माझ्याच मशीनवरून. म्हणजे उत्तरपत्रिकाही 'रवरा'च म्हणत होती. परीक्षकच पोराची वही बघून तपासणार, तर नापास कोण होणार? ज्याला येतं तो.

दुसरी: काकांचा हेतू कितीही चांगला असो, ते जे करू शकले ते कोणीही करू शकलं असतं. उत्तर तयार होणं आणि त्यावर सही होणं यात सहा तास दार उघडं होतं. सही फक्त एवढंच सांगते की हे त्या घरातून आलं. यंत्राने जे काढलं तेच आलं का, हे सांगत नाही.

काकांना तिथेच सगळं सांगितलं, त्यांना तीन दिवस बाहेर काढलं होतं तेही. ते हसले. काकू हसल्या नाहीत. "विचारायचं तरी एकदा," म्हणाल्या.

८ जुलै

बदल. पान वाचून झालं की त्याच क्षणी निकालाचा शा-२५६ ठसा (मजकुरावरून काढलेला आकडा, एक अक्षर हललं तरी बदलतो) सर्व्हरकडे जातो, मजकूर मागाहून. ठसा आणि मजकूर जुळला नाही तर परत. मशीनचा मालकच फितूर असेल तर तो ठशाआधीही ढवळाढवळ करू शकतो. त्याला उत्तर इतर घरांच्या प्रतींचंच. दुरुस्त्यांची वेगळी वही, वेगळी सही. पेरलेली १२० पानं ताई आणि मी हाताने टाइप करतोय. तासाभराचं काम म्हणालो होतो ना? तीन संध्याकाळी गेल्या, अर्धी झाली नाहीत. गुण आता दोन स्तंभांत: यंत्रासारखं आहे का, आणि कागदासारखं आहे का.

हातच्या टायपिंगमध्येही एक भानगड. 'दुसऱ्या' हा शब्द दोघांचा सारखाच दिसतो, ठसा मात्र वेगळा. ताईच्या कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर जातं, माझ्या जुन्या पद्धतीत र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हे दोन एक करत नाही. स्वतःचा नियम लिहावा लागला. अर्धा दिवस.

१२ जुलै, शनिवार

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. वाचनालयाच्या खालच्या फडताळातले खंड तेव्हा भिजले. स्कॅनमध्ये पानापानावर चिखलाची तपकिरी रेघ आडवी गेलेली आहे, आणि जिथे ती अक्षरांच्या डोक्यावरून जाते तिथे टेसरॅक्ट तिलाच शिरोरेघ समजून दोन शब्दांचा एक शब्द करतं. काका तेव्हा दहा वर्षांचे होते.

म्हणून साठवणीचा भाग आज सुरू केला. स्कॅन साधारण २५० जीबी. तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर ७५०. त्याऐवजी रीड-सॉलोमन, १९६० ची पद्धत: पाच भाग करायचे, गणिताने आणखी चार बनवायचे, नऊ घरांना एकेक. नऊपैकी कुठलेही पाच मिळाले की सगळं परत. घराला ५० जीबी, एकूण ४५०. चार घरं बुडाली तरी हरकत नाही.

बुडाली हा शब्द शब्दशः. गेल्या वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आमची नऊपैकी तीन घरं मुठेच्या काठाला आहेत. तीन ठीक, चार कडेलोट, पाच नको. नवीन घर घेताना आता नदीपासूनचं अंतरही बघायचं.

भाग खरंच जपलाय का, हे कसं कळणार? 'आहे' म्हणायला काय जातं! मर्कल यांचं ठशांचं झाड वापरलं. ५० जीबीचे एकेक एमबीचे सुमारे ५०,००० तुकडे, ठशांची जोडीजोडीने चढती उतरंड, सर्व्हरकडे फक्त वरचा एक ठसा. रात्री अचानक ३० तुकडे मागायचे. घराने प्रत्येक तुकड्याबरोबर वाटेतले १६ ठसे द्यायचे. दहावा हिस्सा जरी कोणी पुसला असेल तरी एकाच रात्रीत सापडायची शक्यता ९५ टक्क्यांवर. पुरंदर पहिल्याच रात्री अडकला: घरच्यांनी लग्नाच्या व्हिडिओसाठी जागा केली होती.

२० जुलै, रविवार

ताईचं ११ जूनचं वाक्य आज खाली बसू देईना. प्रोग्रामची नवी आवृत्ती मी सही करून टाकतो आणि नऊही घरांची मशीन्स ती रात्री निमूट उचलतात. मी उद्या फिरलो, किंवा माझा लॅपटॉप कोणी उचलला, की नऊ घरांचं एक घर झालं.

मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण सगळ्यांना सांगितलं. कॉम्प्रेशनची साधी लायब्ररी, बहुतेक लिनक्सवर असते. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम केलं, थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला आणि मग मागचं दार बसवलं. सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. माझी पतमोजणी त्या जिया टॅनला पूर्ण गुण देऊन बसली असती. चिकाटीच्या लबाडाला पत म्हणजे भांडवल.

सहीची किल्ली शमीर पद्धतीने पाच तुकड्यांत वाटली, कुठलेही तीन लागतील. दोन तुकडे हाती असले तरी किल्लीबद्दल काहीही कळत नाही, हे त्या १९७९ च्या युक्तीचं सौंदर्य. तुकडे कागदावर छापले, ताईच्या हडपसरच्या घरी बसून, नेट बंद करून. माझ्याकडे एकच. काकांनी त्यांचा घडी घालून पंचांगात ठेवला. पंचांग दरवर्षी बदलतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

आता साधी आवृत्ती टाकायची तरी तीन जणांना एकत्र बसावं लागतं. तिकोना वैतागलाय.

३ ऑगस्ट, रविवार

वाचन गेल्या आठवड्यात संपलं. काकांनी दुरुस्त केलेली ६११ पानं. त्यांच्याही कामाला दुसरा डोळा हवा, म्हणून ताईने त्यातली ४० पानं मूळ फोटोंशी ताडून पाहिली. काकांना आधी विचारून. (काकूंचं लक्षात होतं.)

ख सगळे बरोबर. पण मूळ छपाईत आहे 'घरांत', 'नांव', 'कांहीं'. यंत्राने टिंबं बहुतेक ठिकाणी नीट उचलली होती. काकांच्या प्रतीत 'घरात', 'नाव', 'काही'. चाळीसच्या चाळीस पानांत.

१९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. काका छापखान्यात लागले त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. जुनी पुस्तकं नव्याने छापायला आली की ही टिंबं उडवणं हेच काम. ताईने फोटो आणि मजकूर शेजारी ठेवून दाखवला. त्यांनी भिंग घेतलं, एक ओळ वाचली, दुसरी वाचली.

"मी ही काढली? मला दिसलीसुद्धा नाहीत गं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच विचारलं, यंत्राचं मूळ अजून आहे की मी पुसलं? आहे. ८ जुलैपासून काहीच पुसलं जात नाही. आधीच्या पानांची यंत्रप्रत राजगड-लोहगडकडून मिळते. फोटो, यंत्राचा मजकूर, त्यावर दुरुस्त्यांची वही, प्रत्येक नोंदीत आधी काय होतं, नंतर काय झालं आणि कोणी केलं, आणि प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा. वाचकाला तिन्ही दिसतील.

"मग यादी दे," म्हणाले.

१० ऑगस्ट

तोरणाची सही असलेल्या ३८ दुरुस्त्या रात्री आल्या. टिंबं परत. एकोणिसाव्या पानावर 'कांहीं'चं दुसरं टिंब राहिलंय. कळवलं नाही; ते पान दुसऱ्या वाचकाच्या यादीत तसंही येणार आहे. गुरुवारी कोथरूडला वीज नाही.